शब्द देणारा

१

"माणसं दोन ना? मग दोन इनपुटचा घ्या," दुकानदार म्हणाला. "चाराचा घेतलात तर उरलेली भोकं जन्मभर रिकामी राहतील. रोज बघून हळहळ वाटेल तुम्हाला."

काउंटरवर दोन पेट्या होत्या, एक लहान आणि एक मोठी. बेबी बराच वेळ दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. ऑडिओ इंटरफेस असं भारदस्त नाव असलं तरी वस्तू साधीच होती. पुढून माइक खुपसायचे, मागून एक वायर लॅपटॉपला जोडायची. प्रत्येक माइकचा आवाज लॅपटॉपवर आपापल्या ट्रॅकमध्ये जाऊन बसतो, एकमेकांच्या पायात पाय घालत नाही. नंतर हवा तो ठेवा, नको तो बंद करा.

हे वेगळं बसणंच तिला हवं होतं. आईला बाबांचं वाक्य संपेपर्यंत कधी धीर धरवत नसे. बेबीनं मोबाइलवर दोघांचं बोलणं रेकॉर्ड करून पाहिलं होतं, पण बाबांचं एकेक वाक्य आईच्या वाक्याखाली चेंगरून गेलं होतं. आणि आता बाबांचा आवाज चेंगरून चालणार नव्हतं. घशातल्या गाठीसकट त्यांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं, ते पुढच्याच आठवड्यात. माणूस राहील, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

"तिसरी मी आहे," बेबी म्हणाली. "ते दोघं नाटक वाचणार, मी मधल्या रंगसूचना वाचणार."

"म्हणजे तीन. आणि चौथं?"

"तिनाचा येतो का?"

"माझ्याकडे नाही."

"मग राहू दे एक रिकामं. कुणी आलं-गेलं तर."

दुकानदार हसला आणि मोठी पेटी खोक्यात भरायला लागला. बेबीनं शेवटची शंका काढली. लेटन्सी म्हणून काहीतरी असतं, असं तिनं वाचलं होतं. हेडफोनमध्ये आपलाच आवाज आपल्याला उशिरा ऐकू येतो म्हणे. म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ होईल का?

"ह्यात जाणवणारसुद्धा नाही," तो म्हणाला. "पण उशीर असणारच हो, थोडा का होईना. आवाज आत जाणार, फिरणार, मग परत येणार. बोलायच्या आधी कसा येईल?"

२

बाबा आयुष्यभर नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभं राहायचं, हातात संहिता धरायची आणि नट अडला की त्याला पुढचा शब्द द्यायचा, तोही असा, की नटाला ऐकू गेलाच पाहिजे आणि पहिल्या रांगेला ऐकू जाता कामा नये. कंपनीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. हजारो लोकांनी त्यांचे शब्द ऐकले होते, पण दुसऱ्यांच्या तोंडून. आई त्याच कंपनीतली नायिका. "मी मास्तरांच्या शब्दाबाहेर कधी गेले नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. घरात मात्र त्यांना एक वाक्य पुरं करू देत नसे.

बेबी रंगपटातल्या ट्रंकेवर झोपून मोठी झाली म्हणून तिचं नाव बेबी पडलं. केस पांढरे व्हायला लागले तरी नाव काही सुटलं नाही. ती नाटकात गेली नाही. एका दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक आवाज सोडायचे आणि सांगायचं, ऐकू आलं की बटण दाबा. माणसं आवाज नसतानाही बटण दाबतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वाट बघत बसलं की कान काहीही ऐकतात. त्यात वेडेपणा नसतो, नुसती घाई असते.

मागच्या खोलीत तिनं खिडकीला गादी लावली, जमिनीवर घोंगड्या अंथरल्या, कपड्यांचं कपाट उघडून भिंतीशी ओढलं. तीन माइक उभे केले. नाटक आईनंच निवडलं. तिचं सगळ्यात गाजलेलं, एका नवराबायकोचं नाटक. बाबांना त्यातल्या सगळ्यांच्या सगळ्या भूमिका पाठ होत्या, पण त्यातलं एकही वाक्य त्यांनी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

"शेवटी मला नायक केलंस म्हणायचं," बाबा खोकत म्हणाले. आवाज आधीच चिरका झाला होता, वाक्याच्या शेवटाला हवाच जास्त यायची.

"उशीरच झाला," आई म्हणाली. "ताठ बसा."

दुपारभर वाचन झालं. बाबा अडखळत होते, मध्ये थांबत होते, पण गोड वाचत होते. बेबीचा एक डोळा संहितेवर आणि एक पेटीवर होता. प्रत्येक इनपुटपाशी एकेक हिरवा दिवा होता. आवाज आला की तो लुकलुके. आई बोलली की पहिला, बाबा बोलले की दुसरा, ती बोलली की तिसरा.

मधूनमधून चौथाही लुकलुकत होता. नवी वस्तू आहे, घेईल जम बसवून, असं म्हणून तिनं लक्ष दिलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. त्या खोलीच्या भिंती जाड फोमच्या होत्या. दार लावलं की बाहेरचं जग बंद, इतकं बंद की स्वतःच्या गळ्यातला आवंढासुद्धा ऐकू यावा. तिथले हेडफोनही चांगले होते.

तिनं पहिले तीन ट्रॅक बंद केले आणि चौथा लावला. घरघर असेल तर कळावी, एवढाच हेतू होता.

आधी काहीच नव्हतं. मग एक पुरुष हळूच म्हणाला, "दाराशी कोण आहे, बघ जरा."

तो बाबांच्या भूमिकेतला शब्द होता आणि आवाजही बाबांचाच होता, म्हणजे तसाच होता. दबका, नीट, घाई नसलेला. बेबीला हायसं वाटलं. शेजारच्या माइकचा आवाज गळत असणार. असं होतं, तिनं वाचलं होतं. तिनं दुसरा ट्रॅकही चालू केला आणि दोन्ही एकत्र ऐकले.

"दाराशी कोण आहे, बघ जरा," चौथ्या ट्रॅकवरचा म्हणाला. मग एका श्वासाच्या अंतरानं बाबा म्हणाले, "दाराशी कोण आहे... बघ जरा."

तिनं पडद्यावर बघितलं. आवाजाच्या उंचवट्यांच्या रांगा एकीखाली एक दिसत होत्या. डावीकडे म्हणजे आधी, उजवीकडे म्हणजे नंतर. चौथ्या रांगेतले उंचवटे लहान होते आणि प्रत्येक वेळी बाबांच्या उंचवट्यांच्या डावीकडे उभे होते. गळती असती तर ते बरोब्बर खाली असते. उशीर असता तर उजवीकडे असते.

तिनं प्रोग्रामला दोष देऊन पाहिला, मग लॅपटॉपला, मग स्वतःला. वाट बघत बसलं की कान काहीही ऐकतात, हे ती रोज दहा जणांना सांगत होती. पण उंचवटे कानाला नाही, डोळ्यांना दिसत होते. तिनं पुढे सरकवून ऐकलं. तो आईचीही वाक्यं देत होता, आईच्या आधी.

मग तिनं वाचन जिथून सुरू झालं तिथे परत नेलं. तिथे फक्त ती स्वतः बोलली होती, पडदा वर जातो, एवढंच. चौथ्या ट्रॅकवर त्याआधी खुर्ची सरकल्यासारखा आवाज होता. आणि मग अगदी मायेनं, लहान मुलाला शिकवावं तसं कुणीतरी म्हणालं, "पडदा वर जातो."

तिनं हेडफोन काढले. खोलीत तिचाच श्वास ऐकू येत होता आणि तो तिला नकोसा झाला.

४

दुसऱ्या वाचनाला तिनं चौथ्या इनपुटचं बटण शून्यावर आणून ठेवलं. घरी कुणाला काही सांगितलं नाही. ऑपरेशन तोंडावर आलेल्या माणसाला काय सांगणार, की तुमचा आवाज तुमच्या आधी येतो?

बाबांनी हेडफोन घातले. आईला हेडफोनचं वावडं होतं, केस बसतात म्हणे. वाचन सुरू झालं आणि बेबीला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की आज बाबा अडखळत नाहीत. ते प्रत्येक वाक्याआधी थोडं थांबत, मान किंचित कलती करत आणि मग सरळ बोलत. चौथा दिवा त्यांच्या आधी लुकलुकत होता, बटण शून्यावर असूनही.

पहिला अंक संपल्यावर बाबा समाधानानं टेकून बसले. "कोण देतंय गं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"शब्द. कोण देतंय?"

"कोणी नाही, बाबा. मी फक्त रंगसूचना वाचतेय."

"मग ह्या पेटीत कुणीतरी आहे," बाबा हसून म्हणाले. "छान देतोय पण. घाई करत नाही. मला कधी कुणी दिले नव्हते, सुख असतं हे."

बेबीनं ते हसण्यावारी नेलं, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना. स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये ऐकून म्हातारा माणूस गोंधळला, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

मग शेवटचा अंक आला. नवरा गावाला गेलेला असतो, दारावर थाप पडते आणि बायको दार उघडत नाही. तिथे आईचं गाजलेलं वाक्य होतं, "आम्ही कुणाची वाट बघत नाही." ते म्हणून आई टाळ्या घ्यायची. बेबीला ते लहानपणापासून पाठ होतं.

आईनं मान वर केली, थोडी थांबली आणि म्हणाली, "या ना. दार उघडंच आहे."

बाबांनी संहितेतून मान वर काढली. बेबीनं रेकॉर्डिंग थांबवलं.

"आई, हे कुठून आणलंस?"

"काय?"

"हे वाक्य. असं वाक्य नाटकात नाहीये."

आईनं संहितेत बघितलं आणि तिला ते पटलं. पण तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. "दिलं कुणीतरी, मी घेतलं," ती म्हणाली. "हे समोर बसलेत, मग हेच देणार ना? नटीनं स्टेजवर विचारायचं नसतं बाई, कोण देतंय म्हणून. शब्द आला की घ्यायचा. चुकीचा असला तर आत आल्यावर मास्तरांशी भांडायचं."

"मी नाही दिला," बाबा म्हणाले.

"मग कुणी दिला?"

आईनं चहा टाकते म्हणून विषय संपवला. ती उठून गेल्यावर बेबीच्या लक्षात आलं, की आईनं हेडफोन घातलेच नव्हते.

५

"रिकाम्या इनपुटवर आवाज येतो," बेबीनं दुकानदाराला सांगितलं.

"कसला? घरघर?"

"नाही. बोलल्यासारखा."

दुकानदारानं पेटी स्वतःच्या लॅपटॉपला लावली, माइक लावला, हॅलो हॅलो केलं, चारही इनपुट एकेक करून तपासले. चौथ्यावर काही नव्हतं. त्यानं आवाज पुरता वाढवला तेव्हा बारीक खसखस आली, बस. "कुठला तरी रेडिओ पकडत असेल," तो म्हणाला. "घरोघरी वेगळं असतं. वायरी जवळजवळ ठेवल्यात का?"

बेबीला खरं सांगायची फार इच्छा झाली. पण ते तोंडात जुळवून बघितलं तेव्हा तिचं तिलाच ते खुळचट वाटलं. दवाखान्यात कुणी असं सांगितलं असतं तर तिनं समजुतीनं मान हलवली असती आणि कागदावर काहीतरी खरडलं असतं.

"बदलून देतो," दुकानदार म्हणाला. "हाच देऊ नवा, की दुसरा?"

लहान पेटी अजून शेल्फवर होती. दोन इनपुट. एक आईचं, एक बाबांचं. रंगसूचना तिनं नाही वाचल्या तर नाटक काही अडणार नव्हतं. रिकामी जागाच नको, म्हणजे कुणी येऊन बसायचा प्रश्नच नको. हा विचार तिला इतका सरळ आणि शहाणपणाचा वाटला की आधीच का सुचला नाही, याचं तिला नवल वाटलं.

"हा द्या," ती म्हणाली.

"मी आधीच म्हटलं होतं," दुकानदार खूश होऊन म्हणाला.

घरी येऊन तिनं झालेली दोन्ही वाचनं पुसून टाकली. चौथा ट्रॅक तर नकोच होता. आईचं ते वाक्यही घरात नको होतं. आणि पहिल्या वाचनात तर बाबा अडखळतच होते. आता कसं स्वच्छ, नव्यानं, दोन ट्रॅकवर. पुसलेल्या फायली जिथे पडून राहतात तो कचऱ्याचा डबाही तिनं रिकामा केला. अर्धवट काम तिला लहानपणापासून आवडत नसे.

६

बाबांना दवाखान्यात भरती करायच्या आदल्या सकाळी तिघं शेवटचं बसली. लहान पेटीवर दोनच दिवे होते. आई बोलली की एक, बाबा बोलले की दुसरा. बेबी सगळ्यांत मागे, कपाटाशी बसली होती. पहिला प्रवेश निर्विघ्न पार पडला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

"पाणी," बाबा मध्येच म्हणाले आणि खोकले. "पाणी दे गं बेबी. घसा धरलाय." तिनं तांब्या आणि पेला त्यांच्या हाताशी ठेवला. रेकॉर्डिंग चालूच ठेवलं, नंतर कापता येतं म्हणून.

त्यानंतर मात्र वाचनाला रंग भरला. बाबांचा चिरकेपणा गेला. आवाज भरदार झाला, गोल झाला, खोलीभर पसरला. विंगेत दबून राहिलेला माणूस शेवटी स्टेजच्या मधोमध येऊन उभा राहिल्यासारखं वाटलं. आईनं डोळे मिटले होते. ती संहिता न बघता बोलत होती, वाक्य संपायच्या आत बोलत नव्हती, चक्क त्यांचं ऐकून घेत होती. तिच्या चेहऱ्यावरची वर्षं उतरली होती. बेबीला रडू आलं. माणूस जाताजाता असं सगळं देऊन जातो, हे तिनं ऐकलं होतं. बाबांनी आपला सगळा आवाज आजच्यासाठी राखून ठेवला होता आणि आपण तो वेळेत पकडला, या विचारानं तिचं मन भरून आलं. तिनं चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा घातला.

बाबा पाणी पीत होते.

पेला तोंडाला लावलेला होता, मान मागे झुकली होती आणि गळ्याची घाटी घोटाघोटाला वरखाली होत होती. दुसरा दिवा लुकलुकत होता. खोलीत बाबांचा आवाज चालू होता. "तू म्हणशील तेव्हा मी येईन," तो आईला सांगत होता. "फक्त तू म्हणायला हवं."

"म्हणतेच आहे मी," आई डोळे न उघडता म्हणाली. बेबीला हे वाक्य आठवेना. नाटकात असेलही.

बाबांनी पेला खाली ठेवला. आवाज न करता, हलकेच, विंगेत वावरणारा माणूस ठेवतो तसा. मग त्यांनी बेबीकडे बघितलं. ते घाबरलेले नव्हते. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस बोलत असताना आपण मध्ये बोलू नये, इतकंच त्या नजरेत होतं. मग त्यांचे ओठ हलायला लागले, आवाजाच्या एक श्वास मागून.

बेबीचं बोट बटणावर होतं. ते दाबलं की सगळं थांबलं असतं. पण उद्यापासून बाबा बोलणार नव्हते, जुनं तिनं स्वतःच्या हातानं पुसलं होतं आणि हा आवाज इतका बाबांचा होता की बाबांचासुद्धा तेवढा नव्हता. तिनं बटण दाबलं नाही. शेवटचा पडदा पडेपर्यंत तिनं तो सगळा आवाज येऊ दिला.

७

ऑपरेशन नीट झालं. बाबा घरी आले ते गळ्याला एक भोक आणि त्यावर पांढरा फडका घेऊन. श्वास तिथूनच जायचा-यायचा, फडका आतबाहेर व्हायचा. बेबीनं त्यांना पाटी आणून दिली. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिलं, चहा गोड कर, आणि आईनं ते वाचायच्या आत, "साखर बंद आहे तुमची," म्हणून सांगितलं. बेबी कितीतरी दिवसांनी हसली.

आई आता दुपारी मागच्या खोलीत जायची. केसांची पर्वा सोडून हेडफोन चढवायची आणि डोळे मिटून बसायची. मधूनमधून बोलायचीही. नाटकच म्हणत असेल, असं बेबी धरून चालली होती. मग एके दिवशी धुतलेले कपडे ठेवायला ती खोलीत गेली तेव्हा आई हसत हसत सांगत होती, "त्यांना नाही आवडायचं ते. तुम्हाला चालेल, पण त्यांना नाही आवडायचं." मग ती थांबली, ऐकलं आणि लाजल्यासारखी परत हसली.

लॅपटॉप बंद होता. हेडफोनची वायर आईच्या मांडीवर पडली होती, कशालाच न जोडलेली.

बेबीनं कपडे तसेच पलंगावर टाकले आणि बाबांना हाताला धरून आणलं. आईला चहा टाकायला पाठवलं. बाबांना तिनं अजून रेकॉर्डिंग ऐकवलंच नव्हतं. त्यांनी मागितलं नव्हतं आणि तिला धीर झाला नव्हता. आता तिनं लॅपटॉप चालू केला, हेडफोन जोडले आणि त्यांच्या कानांवर चढवले.

बाबांनी शांतपणे ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि पाटी मागितली.

हा मी नाही, त्यांनी लिहिलं.

"मग तुम्ही का नाही थांबवलंत, बाबा? तुम्हाला कळत होतं ना?"

त्यांनी पुसलं आणि पुन्हा लिहिलं. शब्द मिळत होते. घेतले.

मग त्याखाली, खडू मोडेल इतक्या जोरात, आणखी एकच शब्द लिहिला. पुस.

८

"पुसलं तर तुमचं काहीच उरणार नाही," बेबी म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. आजवर आवरून धरलं होतं, ते आता आवरेना. "काहीच नाही, बाबा. मी सगळं घालवून बसले. मोठी पेटी ठेवली असती तर तुमचं वेगळं निघालं असतं. तो त्याच्या जागी होता, तुम्ही तुमच्या. मीच त्याला तुमच्यात आणून बसवलं."

बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फडका आतबाहेर होत होता. मग त्यांनी पाटीवरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं.

तिनं हेडफोन घातले आणि पहिल्यापासून ऐकत गेली. कापण्यासारखं काही सापडतं का, खरे बाबा कुठे निसटून आत राहिलेत का. आणि सापडले. दोन वाक्यांच्या मधे खोकल्याची उबळ आणि मग चिरका, हवाच जास्त असलेला, चेंगरलेला आवाज. पाणी. पाणी दे गं बेबी. घसा धरलाय.

एवढं कुणी दिलेलं नव्हतं. तिनं ते अगदी कडेकडेनं कापलं, वेगळं ठेवलं, तीनतीनदा तपासलं. एका नाटकातून एवढंच निघालं, पण ते तिच्या बापाचं होतं आणि त्यात तिचं नाव होतं. तिनं ते एकदा लावून बाबांना ऐकवलं. बाबांचे डोळे भरले आणि त्यांनी मान हलवली. हो, हा मी.

मग तिनं बाकीचं सगळं निवडलं. पुसायचं नक्की ना, असं लॅपटॉपनं विचारलं आणि तिनं हो म्हटलं. उंचवट्यांच्या दोन्ही रांगा पडद्यावरून गेल्या. स्वयंपाकघरात आईनं कपबशा मांडल्याचा आवाज येत होता. दुपारचं ऊन गादीच्या कडेनं आत आलं होतं. काही झालं नाही. काय होणार होतं?

बेबी बाबांकडे वळली. पुसलं, बाबा, एवढंच तिला म्हणायचं होतं.

ते डाव्या बाजूनं आलं. उघड्या कपाटापाशी, लटकत्या कपड्यांच्या मागून, हळू आणि सावकाश. पहिल्या रांगेला ऐकू जाऊ नये आणि तिला मात्र नीट ऐकू यावं, असं. पुसलं, बाबा.

"पुसलं, बाबा," बेबी म्हणाली.

बाबा तिच्या डोळ्यांकडे बघत होते. नट शब्द घेतो तेव्हा क्षणभर त्याची नजर विंगेकडे घसरते. प्रेक्षकांना ते दिसत नाही. प्रॉम्प्टरला दिसतं, आणि बाबांनी आयुष्यभर दुसरं काही पाहिलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले. मांडीवरची पाटी जमिनीवर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. त्यांनी तिचे दोन्ही खांदे घट्ट धरले, तोंड उघडलं, ओठ हलवले, पुन्हा पुन्हा हलवले. गळ्यावरचा फडका नुसता फडफडत राहिला.

"काय म्हणताय, बाबा?" बेबीनं विचारलं.

तेही तिला आधी ऐकू आलं होतं.